निळा रंग गेला, पण रेणू गेला का? प्रकाश-उत्प्रेरकाने ऑक्सिडेशन नीट कसं करायचं

बीकरमधलं निळं पाणी दिव्याखाली तासाभरात पांढरट झालं, की प्रयोग जमला असं समजून वही मिटायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण निळा रंग चार वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतो. रंगाचे रेणू पावडरीला नुसते चिकटून बसले असतील. उत्प्रेरकाशिवाय, एकट्या उजेडानेच ते तुटले असतील. इलेक्ट्रॉन घेऊन ते बिनरंगी रूपात गेले असतील, म्हणजे ऑक्सिडेशनच्या अगदी उलट काम झालं असेल. किंवा खरोखर ऑक्सिडेशन झालं असेल. डोळ्याला चारही गोष्टी सारख्याच दिसतात. खाली दिलेली सगळी मांडणी त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून आहे.

रंग म्हणून मिथिलीन ब्लू आणि उत्प्रेरक म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे टायटॅनिया, घेऊ. दोन्ही कॉलेजच्या लॅबमध्ये परवडतात, आणि त्यांचे स्वभाव चांगले ठाऊक आहेत.

आत काय चालतं

टायटॅनियाच्या ॲनाटेझ या स्फटिकरूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ऊर्जेवरून तरंगलांबी काढायला १२४० ला ३.२ ने भागलं की सुमारे ३८७ नॅनोमीटर येतात. याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश पडला तर कणातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि मागे धन पोकळी, म्हणजे होल, राहतो. होल पृष्ठभागावरच्या पाण्याकडून किंवा हायड्रॉक्सिल आयनाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. त्याचं ऑक्सिडेशन पोटेन्शियल २.८ व्होल्ट आहे. ओझोनचं २.०७ आहे, यावरून त्याचा जोर कळेल. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. ऑक्सिजन कमी पडला, तर इलेक्ट्रॉन आणि होल परत एकत्र येतात आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. तसंही बहुतेक जोड्यांचं हेच होतं. म्हणून अतिनील प्रकाश, पृष्ठभाग आणि ऑक्सिजन या तिघांपैकी एक जरी ढिला पडला तरी काम अडतं. तिसऱ्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडल्याचा शोधनिबंध १९७२ सालचा. या क्षेत्रातलं बरंचसं काम तिथून पुढे वाढलं.

सामान घेताना

उत्प्रेरक म्हणून पी-२५ नावाने मिळणारी टायटॅनिया घ्या. तिच्यात साधारण ८० टक्के ॲनाटेझ आणि २० टक्के रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप असतं, एका ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. स्वतः बनवलेली पावडर तपासायची असली तरी तुलनेला पी-२५ हवीच. रंगाच्या दुकानातली 'टायटॅनियम' पावडर मात्र आणू नका. पेंटसाठीची टायटॅनिया बहुतेक रुटाइल असते आणि तिच्या कणांवर सिलिका-ॲल्युमिनाचा थर मुद्दाम चढवलेला असतो, कारण उघडी टायटॅनिया उन्हात पेंटचं बाइंडर खाऊन टाकते आणि भिंतीला खडूसारखी भुकटी सुटते. म्हणजे आपल्याला हवा असलेला गुण तिथे खर्च करून मारलेला असतो.

दिवा ३६५ नॅनोमीटरचा हवा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत 'यूव्ही एलईडी' मागितला, तर स्वस्तातला जांभळा दिवा बहुधा ३९५ ते ४०५ चा निघतो. तो डोळ्याला झगमगीत दिसतो, पण ॲनाटेझला त्याचा जवळजवळ उपयोग नाही. ३६५ चा चांगला दिवा उलट मंद, धुरकट जांभळा दिसतो. डेटाशीटवर लांबी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एलईडी १० वॉटचा असेल तर त्याला जाड ॲल्युमिनियमचं हीटसिंक आणि ठरावीक करंट देणारा ड्रायव्हर लागतो. नुसता ॲडॉप्टर जोडलात तर दिवा तापत जातो, प्रकाश उतरत जातो आणि तुमचा रेट कॉन्स्टंटही (अभिक्रियेच्या वेगाचा आकडा) त्याच्याबरोबर घसरतो.

उजेड मोजायला लक्स मीटर चालत नाही, कारण तो माणसाच्या डोळ्याला दिसणारा प्रकाश मोजतो. ३६५ साठीचा यूव्ही-ए मीटर हवा. द्रावणाच्या पृष्ठभागावर १ ते ३ मिलिवॉट दर चौरस सेंटीमीटर मिळाले की पुरे. मीटर नसेल तर पोटॅशियम फेरिऑक्झॅलेटचं ०.००६ मोलर आम्लयुक्त द्रावण तेवढ्याच बीकरमध्ये, तेवढ्याच अंतरावर ठेवून फोटॉन मोजता येतात. ३६५ ला एका फोटॉनमागे सुमारे १.२ फेरस आयन तयार होतात आणि ते ऑर्थो-फेनँथ्रोलिन घालून ५१० नॅनोमीटरवर वाचता येतात. हे द्रावण तयार करताना खोलीत लाल दिवाच ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखालीच ते मोजायला सुरुवात करेल.

बीकर बोरोसिलिकेट काचेचा, २५० मिलिलिटरचा. दिवा वरून टाकायचा, मध्ये झाकण नको. शिंतोडे उडू नयेत म्हणून कुणी पॉलिकार्बोनेटचा पत्रा ठेवतं आणि मग दिवसभर काहीच होत नाही, कारण पॉलिकार्बोनेट ३८० च्या खालचा जवळजवळ सगळा प्रकाश अडवतं. पातळ काच चालते. हवेसाठी माशांच्या टाकीचा पंप आणि दगडी डिफ्यूजर. ढवळायला मॅग्नेटिक स्टरर. आणि चारही बाजूंनी आतून ॲल्युमिनियम फॉइल लावलेला खोका, म्हणजे वाया जाणारा प्रकाश परत येतो आणि तुमचे डोळेही वाचतात.

डोळ्यांचं इथेच सांगून ठेवतो. ३६५ चा प्रकाश मंद दिसत असल्याने बाहुली आकुंचन पावत नाही आणि माणूस निर्धास्तपणे बघत राहतो. यूव्ही अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालूनच खोका उघडा. सुकी पावडर तोलताना एन-९५ मास्क घाला आणि पंखा बंद ठेवा.

पाणी

डिस्टिल्ड पाणीच वापरा. खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मऊ आहे, तरी त्यात क्लोरीन असतं. बोअरचं पाणी तर या कामाला शत्रूच. बेसॉल्टमधून आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि ते हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं. तयार होणारा कार्बोनेट रॅडिकल बराच मवाळ असतो. एकाच पावडरीचा एकाच दिव्याखाली दोन लॅबमध्ये वेगळा वेग आला, तर आधी पाण्याच्या कॅनकडे बघा. आणि गुरुवारी देखभालीसाठी पाणी किंवा वीज जाण्याची शक्यता असते, तेव्हा लांबलचक रन शक्यतो त्या दिवशी लावू नका. मध्येच दिवा गेला तर ती वेळ वहीत नोंदवा आणि नमुन्याच्या वेळेतून वजा करा.

द्रावण

बाटलीवरचा मिथिलीन ब्लू बहुधा तीन पाण्याच्या रेणूंसकट येतो, तेव्हा त्याचं रेणुभार ३७३.९ धरा. बिनपाण्याचा असेल तर ३१९.९. लेबल वाचा, सोळा-सतरा टक्क्यांची चूक इथेच होते.

२५ मिलिग्रॅम रंग २५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये विरघळवा. हा १०० मिलिग्रॅम प्रति लिटरचा साठा. तपकिरी बाटलीत, फॉइल गुंडाळून ठेवा. त्यातले १० मिलिलिटर घेऊन २०० मिलिलिटर करा, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रति लिटर, सुमारे १३.४ मायक्रोमोलर.

अनेकजण १० मिलिग्रॅम प्रति लिटर घेतात. तेव्हा ६६४ नॅनोमीटरवर ॲबसॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचा आकडा) २ च्या आसपास जातो, आणि कॉलेजमधला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर तिथे भरवशाचा नसतो. सुरुवातीचा बिंदूच खोटा बसतो आणि पुढचा सगळा आलेख त्याच्यावर उभा राहतो. ५ मिलिग्रॅमला आकडा १ च्या जवळ येतो. तिथे सगळेच सुखी. ०.५, १, २, ३, ४, ५ मिलिग्रॅमची प्रमाणरेषा आधी काढून ठेवा.

टायटॅनिया १०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम प्रति लिटर. जास्त घातली की वेग वाढेल असं वाटतं, पण एका ग्रॅमच्या पुढे पाणी इतकं दुधाळ होतं की प्रकाश वरच्या थरातच अडकतो आणि खालची पावडर अंधारात फिरत राहते. पावडर आधी २० मिलिलिटर पाण्यात घालून बाथ सॉनिकेटरमध्ये १० मिनिटं ठेवा. गोळ्या राहिल्या तर तळाशी पांढरे ठिपके गरगरताना दिसतात. ही २० मिलिलिटर लापशी २०० मध्ये धरायची आहे, वरून वाढवायची नाही.

अंधारातला अर्धा तास

पावडर घातल्यावर दिवा न लावता, फॉइलने झाकून, ३० मिनिटं ढवळत ठेवा. या वेळात काही रंग टायटॅनियावर जाऊन बसतो. दर दहा मिनिटांनी नमुना घ्या. शेवटच्या दोन नमुन्यांत फरक उरला नाही की समतोल झाला. उरला, तर आणखी पंधरा मिनिटं द्या. घरी बनवलेल्या सच्छिद्र पावडरी तासभरही घेतात.

पुढच्या हिशोबातला सुरुवातीचा आकडा हा या समतोलानंतरचा. मुळातल्या ५ मिलिग्रॅमपासून मोजलंत तर चिकटलेला रंगही ऑक्सिडेशनच्या खात्यात जमा होतो. पृष्ठभाग मोठा असलेल्या पावडरीला तर हे फुकटचं श्रेय फार मोठं मिळतं.

पीएच मोजून लिहा. टायटॅनियाचा शून्य-भार बिंदू, म्हणजे ज्या पीएचला पृष्ठभागावर एकूण भार नसतो तो, साडेसहाच्या आसपास असतो. त्याच्या वर पृष्ठभाग ऋण होतो आणि धनभारित मिथिलीन ब्लू जास्त चिकटतो, खाली गेलं की कमी. पीएच न लिहिता दोन रनची तुलना करण्यात अर्थ नाही.

दिवा लावल्यावर

दिवा द्रावणापासून १० सेंटीमीटर वर. तो निदान दहा मिनिटं आधी लावून, बीकर बाजूला ठेवून, स्थिर होऊ द्या. हवा सुरू करा, मिनिटाला साधारण १०० ते २०० मिलिलिटर, बुडबुडे बारीक हवेत. बीकर पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून तापमान २५ ते ३० अंशांत राखा.

०, ५, १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना ४-४ मिलिलिटर काढा. नमुना ढवळणं चालू असतानाच घ्या. स्टरर थांबवून वरचं पाणी घेतलं तर पावडर मागे राहते आणि बीकरमधलं उत्प्रेरकाचं प्रमाण बदलत जातं.

नमुना लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, १०,००० फेऱ्यांना १० मिनिटं. टेबलावरचा ४,००० फेऱ्यांचा सेंट्रिफ्यूज पी-२५ पूर्ण खाली बसवत नाही. पाणी स्वच्छ वाटतं, पण खिडकीसमोर धरलं की हलकी निळसर-पांढरी झाक दिसते. ती मोजायची युक्ती सोपी आहे: ८०० नॅनोमीटरवर वाचन घ्या. तिथे मिथिलीन ब्लू काही शोषत नाही, तेव्हा ०.०१ च्या वर जे येईल ते कणांमुळे विखुरलेला प्रकाश. असा नमुना परत फिरवा. सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर आधी कोऱ्या ५ मिलिग्रॅमच्या द्रावणावर त्याची परीक्षा घ्या. नायलॉन आणि सेल्युलोज नायट्रेटचे फिल्टर स्वतःच निळे होतात, आणि तो गेलेला रंग तुमच्या उत्प्रेरकाच्या नावावर लागतो.

नुसतं ६६४ चं वाचन घेऊन थांबू नका, ४०० ते ७५० असा पूर्ण स्कॅन घ्या. रेणूवरचे मिथाइल गट एकेक करून निघाले की शिखर डावीकडे सरकतं. एक मिथाइल गट निघाल्यावर होणाऱ्या ॲझ्युर-बी चं ६५० च्या जरा अलीकडे असतं. शिखर सरकलेलं असताना ६६४ वरच वाचत राहिलात तर रंग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त गेलेला दिसतो.

हिशोब पहिल्या श्रेणीचा. सुरुवातीच्या प्रमाणाला त्या वेळच्या प्रमाणाने भागा, नैसर्गिक लॉग घ्या, वेळेसमोर मांडा. सरळ रेषा आली तर तिचा उतार म्हणजे रेट कॉन्स्टंट. समजा ॲबसॉर्बन्स २० मिनिटांत १.०० वरून ०.३७ वर आला, तर तो मिनिटाला ०.०५, आणि निम्मा रंग जायला सुमारे १४ मिनिटं. शेवटचे बिंदू रेषेवरून घसरले तर ओढूनताणून बसवू नका. तिथे मधल्या पायरीचे रेणू पृष्ठभागासाठी भांडू लागलेले असतात, किंवा वाचन स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या तळाशी पोचलेलं असतं.

जोडीचे बीकर

एक बीकर दिव्याखाली पण पावडरीशिवाय. एक पावडरीसकट पण फॉइलमध्ये, पूर्ण तासभर. एक पी-२५ घातलेला. या तिघांशिवाय चौथ्याचा, तुमच्या पावडरीचा, आकडा काहीच सांगत नाही. वेळ कमी असेल तर मुख्य रनचे नमुने कमी करा, पण हे तीन सोडू नका.

निळा परत येतो का?

सगळ्यात दुर्लक्षित चाचणी हीच, आणि तिला दहा मिनिटं लागतात. रंग गेल्यावर दिवा बंद करा, हवा चालू ठेवा आणि पांढऱ्या कागदासमोर बीकर बघत राहा. दुधी पाण्यावर आधी वरच्या कडेला, बुडबुडे फुटतात तिथे, आकाशी कड धरते आणि मग सगळं पाणी निळसर होत जातं, असं झालं तर तुमच्याकडे ऑक्सिडेशन झालंच नव्हतं. मिथिलीन ब्लू इलेक्ट्रॉन घेऊन ल्यूको, म्हणजे बिनरंगी, रूपात गेला होता आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याला परत निळा केला. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ल्यूको रूप २५६ नॅनोमीटरच्या आसपासही पकडता येतं.

हे का होतं? ऑक्सिजन संपल्यामुळे. आणि दुसरं कारण अल्कोहोल. क्युवेट-बीकरवरचे निळे डाग अल्कोहोलने छान निघतात, पण ते पूर्ण उडालं नाही तर उरलेले थेंब होल खाऊन टाकतात. मग मोकळे राहिलेले इलेक्ट्रॉन रंगावर जातात. अल्कोहोलने धुतलेलं भांडं नंतर तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

ऑक्सिजन खरंच संपतो का, ते मोजून बघू. मिथिलीन ब्लूचा एक रेणू पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड, पाणी, नायट्रेट, सल्फेट आणि क्लोराइड व्हायला ऑक्सिजनचे साडेपंचवीस रेणू लागतात. आपल्या १३.४ मायक्रोमोलर द्रावणाला त्या हिशोबाने लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. २५ अंशांना इथल्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळून विरघळून पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. म्हणजे नुसत्या ५ मिलिग्रॅम रंगालाही पाण्यातला सगळा ऑक्सिजन पुरत नाही. १० मिलिग्रॅमला तर बावीस लागतील. माशांचा पंप ही चैन नाही, अर्धी अभिक्रिया त्याच्यावर चालते.

रंगाच्या पलीकडे

निळेपणा जाणं ही ऑक्सिडेशनची पहिली पायरी. रेणूची कड्यांची जोडणी तुटली की रंग जातो, तुकडे पाण्यातच असतात. कार्बन खरोखर गेला का हे टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारं) यंत्र सांगतं. ते नसेल तर सीओडी, म्हणजे पाण्यातले पदार्थ रसायनाने ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन. पण ५ मिलिग्रॅम रंगाचा सीओडी दहाच्याही आत येतो आणि डायक्रोमेटची रिफ्लक्स पद्धत इतक्या खाली डळमळते. म्हणून या चाचणीसाठी वेगळा रन लावा: ५० मिलिग्रॅम प्रति लिटर, हवा भरपूर, पाच-सहा तास. रंग दुसऱ्या-तिसऱ्या तासात गेलेला दिसला तरी सीओडी मागे रेंगाळताना दिसेल, आणि या विषयातली शिकण्याजोगी गोष्ट त्या अंतरातच आहे. सल्फेट-नायट्रेट तयार होत असतील तर पीएचही उतरतो. ती खूण आहे, पुरावा नव्हे.

वेग वाढवायला हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं असेल, तर सीओडीआधी ते सोडियम सल्फाइटने संपवा. डायक्रोमेट पेरॉक्साइडलाही ऑक्सिडाइज करतं, त्यामुळे सीओडी वाढलेला दिसतो. शिवाय पेरॉक्साइड जास्त झालं तर तेच रॅडिकल खाऊ लागतं.

गच्चीवर, उन्हात

सूर्यप्रकाशातला ३ ते ५ टक्के भागच आपल्या उपयोगाचा, पण तो फुकट आहे. फेब्रुवारी ते मे मधलं निरभ्र आकाश सगळ्यात चांगलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर. त्या सुमाराला उथळ भांडं आडवं ठेवलं की प्रकाश सरळ आत उतरतो. जून ते सप्टेंबर हा नाद सोडा आणि दिवा वापरा. ढग आले-गेले की वेळेच्या आलेखाला अर्थ राहत नाही.

बीकरऐवजी काचेचा बेकिंग ट्रे घ्या, पाण्याची खोली दोन-तीन सेंटीमीटर. ११ ते २ या वेळात ठेवा. इथली खरी अडचण उष्णता. मे महिन्यात गच्चीवरचं पाणी चाळिशी ओलांडतं, ऑक्सिजन कमी विरघळतो, पाणी उडून जातं आणि रंगाचं प्रमाण उलट वाढतं. कडेला मार्करने पातळीची खूण करा, प्रत्येक नमुन्याआधी डिस्टिल्ड पाणी घालून तिथपर्यंत आणा (काढलेल्या नमुन्यांचा हिशोब धरून खूण खाली सरकवत जा). ट्रेखाली पाण्यात भिजवलेलं गोणपाट ठेवलं तर फरक पडतो. पावडर नसलेला ट्रे शेजारी हवाच, कारण मिथिलीन ब्लू उन्हात आपोआपही विटतो.

'दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो' म्हणण्याआधी

डोपिंग केलेली (दुसरं मूलद्रव्य थोडं मिसळलेली) टायटॅनिया, ग्रॅफिटिक कार्बन नायट्राइड, बिस्मथ व्हॅनाडेट यांची परीक्षा पांढऱ्या एलईडीखाली मिथिलीन ब्लूवर घेतली जाते. इथे फसगत नक्की. रंग स्वतः दिसणारा प्रकाश शोषतो, उत्तेजित होऊन आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देतो आणि मग तुटतो. साधी पी-२५ सुद्धा अशाने 'दिसणाऱ्या प्रकाशावर' चालताना दिसते. उत्प्रेरकाने प्रकाश घेतला हे म्हणायचं असेल तर बिनरंगी पदार्थ घ्या. फिनॉल १० ते २० मिलिग्रॅम प्रति लिटर घेऊन एचपीएलसीवर (पदार्थ वेगळे करून मोजणारं द्रव-क्रोमॅटोग्राफी यंत्र) मोजणं उत्तम. नुसतं २७० नॅनोमीटरवर वाचलंत तर मध्येच तयार होणारे हायड्रोक्विनोनसारखे पदार्थ आकडा बिघडवतात. सॅलिसिलिक ॲसिड स्वस्त आणि कमी विषारी म्हणून बरं वाटेल, पण ते टायटॅनियावर बसलं की पावडर पिवळी पडते, आणि तो पिवळेपणाच दिसणारा प्रकाश शोषतो. पुन्हा तोच पेच.

याच पेचाचा फायदाही करून घेता येतो. बेंझिल अल्कोहोल टायटॅनियाच्या पृष्ठभागावर बसलं की दोघांचं मिळून निळा प्रकाश शोषणारं कॉम्प्लेक्स होतं. १० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल, ५० मायक्रोमोल बेंझिल अल्कोहोल, ५० मिलिग्रॅम टायटॅनिया, ऑक्सिजनचा फुगा आणि निळा एलईडी एवढ्यावर बेंझाल्डिहाइड मिळतं आणि ऑक्सिडेशन बऱ्यापैकी तिथेच थांबतं. पाण्यात हेच केलं तर हायड्रॉक्सिल रॅडिकल समोर येईल ते खातात, बेंझाल्डिहाइडही वाचत नाही. सॉल्व्हेंट जळणारं आणि विषारी आहे, वर ऑक्सिजन, तेव्हा हे फक्त फ्यूम हूडमध्ये, छोट्या प्रमाणात, आणि जवळ ठिणगी पडेल असं काहीही नसताना. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रावर) अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत राहा.

पावडर परत मिळवणं आणि सांडपाणी

रन संपल्यावर पीएच ६.५ ते ७ करून बीकर रात्रभर झाकून ठेवा. शून्य-भार बिंदूजवळ कण एकमेकांना धरतात आणि सकाळी तळाशी पांढरा थर, वर स्वच्छ पाणी दिसतं. वरचं पाणी हलकेच काढून घ्या, पावडर दोनदा धुवा, १०० अंशांना सुकवा आणि ४०० अंशांना एक तास तापवा म्हणजे चिकटलेला सेंद्रिय मळ जळतो. ६०० च्या पुढे नेऊ नका, ॲनाटेझचं रुटाइल होऊ लागतं. पुन्हा वापरण्याआधी वजन करा. तिसऱ्या-चौथ्या फेरीत वेग कमी झाला तर 'उत्प्रेरक थकला' असं लिहायच्या आधी तराजू बघा. नमुन्यांबरोबर आणि धुण्यात गेलेली पावडर हेच बहुधा कारण असतं, मग उरलेल्या पावडरीच्या प्रमाणात द्रावण कमी घेऊन परत तपासा.

पांढरं पाणी सिंकमध्ये ओतू नका. बारीक टायटॅनिया गाळणीतून सहज निसटते आणि शेवटी मुठा नदीत जाते. वरचं स्वच्छ पाणी लॅबच्या सांडपाण्याच्या कॅनमध्ये, पावडरीचा गाळ वेगळ्या बरणीत, दोन्हींवर तारीख आणि काय आहे ते लिहून. मिथिलीन ब्लूचा डाग टेबलावर पडला असेल तर अल्कोहोलच्या बोळ्याने लगेच पुसा, दुसऱ्या दिवशी तो निघत नाही.